मोटवानीची दाढ

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी आमटीत मीठ घातलं की नाही ते आठवत होते. "मॅडम, करोनाकाळात दंतवैद्यांनी जो लढा दिला त्यावर दिवाळी अंकासाठी लिहाल का? योद्ध्यांचे अनुभव असा विभागच करतोय आम्ही." योद्धा म्हटल्यावर मी मागे वळून पाहिलं, घरात आणखी कोणी आलंय का. मग बाईंना सांगितलं, की लढा वगैरे आम्ही काही दिला नाही. आधी पळालो, मग घाबरत घाबरत परत आलो. मधल्या काळात आमच्या घरातल्या एका दाढेनं मला जे करायला लावलं, तेवढंच सांगण्यासारखं आहे. दाढ माझ्या नवऱ्याची. खालची, डावीकडची. बाईंचा आवाज जरा पडला, पण पानं रिकामी असावीत, कारण चालेल म्हणाल्या.

मी दाताची डॉक्टर. अंबरनाथ पूर्वेला दवाखाना होता, गेल्या वर्षी बंद केला. आपल्याकडे डॉक्टर आणि दाताचा डॉक्टर या दोन वेगळ्या जाती आहेत हे मला लग्न ठरतानाच कळलं होतं. मुलाच्या आत्याबाईंनी विचारलं, "म्हणजे खरी डॉक्टर नाही ना?" मी म्हटलं, "नाही, तोंडदेखली." तरीही लग्न झालं, यावरून मुलगा किती सोशिक होता ते कळेल. मुलगा म्हणजे आमचे प्रभाकरराव. आनंदनगर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर होते. कुठे काय पेटेल, कोण कुठे घसरेल, कोणाच्या डोक्यावर काय पडेल, याचाच जन्मभर विचार केलेला माणूस. निवृत्त झाल्यावर कंपनी सुटली, विचार सुटला नाही.

आमच्या धंद्याचे दोन रिवाज आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पहिला असा, की नवीन पेशंटनं तोंड उघडलं की आत पाहून दंतवैद्य थोडा गप्प बसतो आणि मग म्हणतो, "हे कोणी केलं?" घरात चोरी झाल्यावर पोलीस विचारतात तसं. आधीच्या डॉक्टरनं केलेलं काम कितीही बरं असो, हा प्रश्न विचारायचाच. त्यानं पेशंटला वाटतं, आपण थोडक्यात वाचलो. मीही तो आयुष्यभर विचारला. माझे पेशंट दुसरीकडे गेले की तिथे माझ्याबद्दलही विचारला गेला असणार, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नसतं.

दुसरा रिवाज म्हणजे घरच्या माणसाच्या तोंडात हात घालायचा नाही. परक्याच्या दाढेवर हात सरळ चालतो. तीच दाढ नवऱ्याची असली, की तो 'आं' करायच्या आधी आपलाच हात मागे येतो, आणि आमच्या कामात मधूनच मागे आलेल्या हातासारखं वाईट काही नाही. म्हणून दंतवैद्य आपली माणसं दुसऱ्या दंतवैद्याकडे पाठवतात. आमच्या घरचे दात उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, घनश्याम मोटवानीकडे जायचे. मोटवानीच्या घरचे, म्हणजे त्याची बायको कविता आणि म्हातारे वडील, माझ्याकडे यायचे. कॉलेजात आम्ही एका खुर्चीवर आळीपाळीनं काम शिकलो होतो. लग्नानंतर माझं आडनाव बदललं, पण मोटवानी मला शेवटपर्यंत माहेरच्या नावानं सावंतच म्हणत राहिला.

ही अदलाबदल आम्ही इतकी कडक पाळली, की मी नवऱ्याच्या तोंडात कधी टॉर्च मारून पाहिलं नाही. पाहिलं की हात शिवशिवतात. मोटवानीनं त्यांच्या त्या डाव्या दाढेचं रूट कॅनाल केलं, म्हणजे आतली मेलेली नस काढली, पोकळी साफ करून भरली आणि वर टोपी, म्हणजे कॅप, बसवली, तेव्हाही मी फोनवर एवढंच विचारलं, "काय केलंस रे माझ्या नवऱ्याला?" तो म्हणाला, "जे तुझ्याच्यानं झालं नसतं ते. साहेबांना सांगितलंय, ही दाढ तुमच्यासोबत स्मशानापर्यंत येणार, बाकीच्यांची गॅरंटी नाही." प्रभाकररावांनी हे वाक्य घरी येऊन मोठ्या कौतुकानं सांगितलं. दोघांचं चांगलं जमायचं. मी मधे नको असायचे.

आणि मग तो आजार आला. सगळ्या जगाला सांगितलं गेलं, की दुसऱ्याच्या तोंडापासून लांब राहा. आता आमचा धंदा काय ते तुम्हीच बघा. एअररोटर नावाचं आमचं एक यंत्र असतं. त्याच्या नुसत्या आवाजानं बाहेर बाकावर बसलेल्या माणसाची दाढ आपोआप बरी होते. ते फिरताना पाणी उडतं आणि पेशंटची थुंकी घेऊन खोलीभर बारीक तुषार होतात. आजवर ते आम्ही बिनधास्त अंगावर घेत होतो. आता कळलं, की सगळ्यात जास्त धोका असलेल्या धंद्यांमध्ये आमचा नंबर अगदी वर आहे. आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या डॉक्टरांच्या वर.

आमच्या सोसायटीनं डॉक्टरांसाठी गॅलरीत उभं राहून ताटं वाजवली. मला खालून हाक मारून मुद्दाम बोलावलं, माझ्याकडे बघून वाजवली. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी दारापासून चार हात लांब उभे राहून म्हणाले, "मॅडम, गैरसमज नको, पण लिफ्ट वापरू नका. मेंबर लोक बोलतायत." मी म्हटलं, "दवाखाना बंदच आहे हो." ते म्हणाले, "हो, पण उघडलात तर." ताटाला पोचे पडले ते त्यांचेच.

बाहेरचं सोडा, घरात त्याहून मोठं सरकार बसलं होतं. प्रभाकररावांना निवृत्तीनंतर पहिल्यांदा काम मिळालं. त्यांनी कपाटातून कंपनीची पिवळी-काळी पट्टी काढली आणि हॉलमध्ये जमिनीवर चिकटवली. पट्टीच्या अलीकडे 'क्लीन झोन', पलीकडे मी. दूधवाल्याची पिशवी उन्हात, भाजी मिठाच्या पाण्यात, नोटा इस्त्रीखाली. मला मागची खोली, वेगळं ताट, वेगळी वेळ. त्यांना दमा आहे, त्यामुळे हे सगळं चूक आहे असं म्हणायची सोय नव्हती. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत घरातसुद्धा तोंडाला मास्क. आम्ही दोघं एकाच घरात राहायचो आणि मला त्यांचे फक्त डोळे आणि चष्मा दिसायचा. तेव्हा मला त्याचं हसू यायचं.

दवाखाना बंद म्हणून दात थांबत नाहीत. लोक फोनवर फोटो पाठवू लागले. मी पोह्यांचा पहिला घास घेतला, की स्क्रीनवर कोणाचा तरी जबडा. चिखलोलीच्या एका मॅडमनी आख्ख्या कुटुंबाचे पाठवले, वर लिहिलं, 'जमेल तसं बघा.' पण सगळ्यांत वर नंबर आनंदनगरच्या एका फिटरचा. त्याची पुढची कॅप निघाली होती. व्हिडिओ कॉलवर दात दाखवत म्हणाला, "मॅडम, टेन्शन नको, मी बसवली."

मी विचारलं, "कशानं?"

"कंपनीत आहे ना एक, दोन ट्यूबवालं. पाइपला लावतो आम्ही. प्रेशर टेस्ट पास आहे."

मी म्हटलं, "अरे, तो गोंद तोंडात लावायचा नसतो."

तो म्हणाला, "मग तुम्ही उघडा ना दवाखाना." त्याची ती कॅप अजून निघालेली नाही, हे जाता जाता सांगते. मी बसवलेल्या निघतात.

पावसाळ्यात दवाखाना उघडला, घाबरतच. पीपीई किट मिळत नव्हते, मिळत होते ते परवडत नव्हते. मोटवानीनं फोन केला. त्याच्या साडूचा उल्हासनगरला जीन्स शिवायचा कारखाना, जीन्स कोण घेतंय म्हणून तो किट शिवत होता. "सावंत, पाठवतोय. माल एक नंबर आहे, फक्त पाठीमागं खिसा आहे, दचकू नको. कारीगरांच्या हाताला सवय आहे साईं, सीट दिसली की खिसा मारतात." खरंच होता. दोन्ही बाजूंना, वर दुहेरी शिलाई. माझी असिस्टंट विद्या, शिरगावहून येणारी, अनेक वर्षं माझ्याबरोबर असलेली, तिनं तो खिसा पाहिला आणि म्हणाली, "मॅडम, रुमालाची सोय झाली." पण रुमाल काढून पुसणार काय? किट एकदा चढवला, की चेहऱ्याला हात लावायचा नाही, ही तर पहिली अट.

तो किट घालून काम करणं म्हणजे काय, ते बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. सकाळपासून पाणी प्यायचं नाही, कारण प्यायलं की जावं लागतं आणि जायचं तर सगळं उतरवावं लागतं. आत घामाची आंघोळ. चष्म्यावर वाफ, त्यावर प्लास्टिकची काच, त्यावर पुन्हा वाफ. दाढेतलं मोहरीएवढं भोक शोधायचं आणि दिसतंय काय, तर धुकं. संध्याकाळी डोकं ठणकायचं, नाकावर वळ उठायचे. पण खरं नुकसान वेगळंच होतं. आमचं अर्धं काम तोंडानं चालतं, म्हणजे आमच्या तोंडानं. पेशंटशी गप्पा मारायच्या, मुलीचं लग्न कुठवर आलं विचारायचं, तेवढ्यात सुई टोचून मोकळं व्हायचं. मास्कवर मास्क घातल्यावर आवाज बाहेर यायचा नाही, म्हणून मी ओरडायचे. पेशंटना वाटायचं, बाई चिडल्यात. आजवर मला हसणारे लोक खुर्चीत अंग चोरून बसू लागले.

बदलापूरच्या पलीकडच्या गावातली एक आजी, तिचे बहुतेक दात मीच काढलेले, दारातून आत यायलाच तयार होईना. विद्यानं किटवर मार्करनं माझं नाव लिहिलं होतं, पण आजीला वाचता येत नव्हतं. म्हणाली, "आदी तुजा तोंड दाव, मंग माजा बघ." तिचं काय चुकलं? मी किट उतरवला, रस्ता ओलांडून समोरच्या पानाच्या टपरीपाशी गेले आणि तिथून मास्क खाली करून तिला चेहरा दाखवला. टपरीवाल्याला वाटलं मी तंबाखू मागतेय. आजीनं लांबून नीट निरखलं, मान हलवली आणि आत जाऊन बसली. मग मी पुन्हा सगळा किट चढवला, एक दात काढायला.

आणि प्रत्येकाला विचारायचं असायचं, ताप आहे का, खोकला आहे का. एक गृहस्थ म्हणाले, "छे हो, मला काही नाही. फक्त बायकोला आहे, म्हणून तर बाहेर पडलो." अशी माणसं भेटली की मी घरी जाऊन पट्टीच्या पलीकडे मुकाट्यानं बसायचे. कोणाच्या तोंडातून काय घेऊन आले असेन आणि दम्याच्या माणसाला देईन, हाच विचार. झोप उडाली होती. हे मी फक्त मोटवानीला सांगायचे. तो म्हणायचा, "मलापण होतं. कविता वरच्या मजल्यावर, मी खाली, टोपलीला दोरी बांधून डबा सोडते. बाहेरून येणारा म्हणेल, प्रेमविवाह आहे." मग आम्ही दोघं हसायचो. त्या हसण्यावर माझा पुढचा दिवस निघायचा.

दुसऱ्या लाटेत मोटवानी गेला.

कोणाकडून लागण झाली, कधी झाली, काही कळलं नाही. आधी ताप आहे म्हणाला, मग ॲडमिट आहे म्हणाला, मग फोन कविताच उचलू लागली. हॉस्पिटलमधून परस्पर स्मशानात नेलं. घरच्यांनी फोनवर पाहिलं. मला उल्हासनगर किती लांब? पण गेले नाही, जाऊ देत नव्हते कोणालाच. कविताला फोन केला. ती म्हणाली, "दीदी, बोलो कुछ." दिवसभर लोकांच्या तोंडाशी बोलणारी मी, फोन धरून नुसती बसून राहिले. मला दुःख झालं असं म्हणायला हवं, पण आधी झाला तो राग. त्याच्यावर, खिसेवाल्या किटवर, ताटं वाजवणाऱ्यांवर आणि स्वतःवरही.

त्यानंतर माझा हात कापू लागला. चहा ओतताना बशीत सांडायचा. मी विद्याला सांगितलं, दवाखाना बंद. कधीपर्यंत? माहीत नाही. खुर्ची कोणाला हवी असेल तर बघ, असंही म्हणाले. मनानं मी निवृत्त झालेच होते. दाताच्या डॉक्टरचा हात कापतो म्हटल्यावर उरलं काय? प्रभाकरराव पट्टीच्या पलीकडून बघत होते. मला वाटलं, बरं झालं म्हणत असतील, धोक्याचं मशिन एकदाचं बंद पडलं.

आणि अशात त्यांना ताप आला.

घरात युद्धसदृश परिस्थिती. ते स्वतःच त्यांच्या खोलीत बंद झाले, बोटाला तो ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, तो जेवतानासुद्धा काढेनात. टेस्ट केली, निगेटिव्ह. त्यांचा विश्वास बसेना, पुन्हा केली. पुन्हा निगेटिव्ह. ऑक्सिजन उत्तम. वास येतोय, चव येतेय, खोकला नाही. ताप मात्र हटेना. आमचे फॅमिली डॉक्टर, म्हणजे खरे डॉक्टर, फोनवरूनच औषधं बदलत होते. मी दाराशी ताट ठेवायचे, ते अर्धं परत यायचं. मला वाटलं, तापानं भूक मेली असेल. पोळी तशीच असायची, वरणभात तेवढा संपायचा. एवढं दिसूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

प्रकाश पडला तो बंगळुरूहून. आमची लेक मृणाल रोज बाबांशी व्हिडिओवर बोलायची. त्या दिवशी पाणी पिताना त्यांनी मास्क खाली केला असावा. पुढच्या मिनिटाला माझा फोन वाजला, मी त्याच घरात, पलीकडच्या खोलीत. "आई, बाबांचा गाल बघितलास का?"

"कसला गाल?"

"अगं, केवढा सुजलाय. आई, तू डेंटिस्ट आहेस ना?"

हा प्रश्न मला पूर्वी आत्याबाईंनी विचारला होता, पण लेकीनं विचारल्यावर जास्त लागला. मी पिवळी पट्टी ओलांडली, दार न वाजवता आत गेले आणि म्हटलं, "मास्क काढा."

डावा गाल मोसंब्याएवढा. मी हात लावला. सूज गालावर होती ती होती, पण जबड्याच्या खालीही घट्ट होऊ लागली होती. ह्याचा अर्थ सांगते. दाढेतला पू गालात असेपर्यंत त्रास असतो. तो जबड्याखाली गळ्याकडे उतरू लागला, की तो श्वासाची वाट दाबतो. दातानं माणूस मरत नाही म्हणतात, त्यांनी हे पाहिलेलं नसतं. त्यांचं तोंडही दोन बोटांपलीकडे उघडत नव्हतं.

"कधीपासून दुखतंय?"

"झाले बरेच दिवस," ते म्हणाले.

"सेफ्टी ऑफिसर ना हो तुम्ही? जन्मभर लोकांना सांगितलंत, बारीकसं काही झालं तरी आधी कळवा. मग मला का नाही सांगितलंत?"

ते खाली बघत होते. म्हणाले, "कोणाला कळवणार? मोटवानी गेला." मग थोड्या वेळानं, "आणि तू चहा ओततेस ते मी रोज बघतोय ना. तुला कुठे सांगू?"

इतके दिवस मला वाटत होतं, हा माणूस मला घाबरून लांब बसलाय. तो माझ्यासाठी दुखणं मास्कखाली दाबून बसला होता. मला त्यांना दोन शिव्या द्याव्याशा वाटल्या आणि रडावंसंही वाटलं. पण दोन्हीला वेळ नव्हता.

फोन फिरवले. ओळखीचे सर्जन करोनाच्या वॉर्डात अडकलेले. कल्याणपर्यंत एक बेड नाही, आणि दाढेसाठी बेड मागितल्यावर पलीकडचा माणूस चक्क हसला. एक जण म्हणाले, "मॅडम, तुम्ही स्वतःच आहात की." हो, होते. घरच्याच्या तोंडात हात घालायचा नाही, हा रिवाज ज्याच्या जिवावर पाळला तो गेला होता. मी विद्याला फोन केला. ती रविवार असून आली. तिला म्हटलं, "माझा हात थरथरतोय." ती म्हणाली, "मी धरते ना मॅडम. तुम्ही सुरू तर करा."

प्रभाकरराव खुर्चीत बसले. बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "आग लागली तर बाहेर जायचा दुसरा रस्ता कुठला?" मी म्हटलं, "तोंड उघडा." किट तोच, मागे खिसेवाला, मोटवानीनं पाठवलेल्यांपैकी शेवटचा. दिवा खाली ओढला, आरसा आत घातला आणि पहिल्यांदा माझ्या नवऱ्याच्या तोंडात पाहिलं.

सगळीकडे मोटवानी होता. वरच्या दाढेतलं फिलिंग, जे कोणाला कधी दिसणार नाही, त्यावरसुद्धा खऱ्या दाढेला असतात तशा बारीक खाचा कोरलेल्या. डाव्या दाढेवरची ती टोपी. तिच्या कडेवरून मी सुई फिरवली. दात कुठे संपतो आणि टोपी कुठे सुरू होते, सुईला कळेना, कुठे अडकेचना. एवढं निगुतीचं काम मी कोणाचं पाहिलं नव्हतं, माझं तर नाहीच. कॉलेजनंतर मी मोटवानीचं काम कधी पाहिलंच नव्हतं, आणि आता पाहिलं तर असं. त्याला शेवटचं पाहता आलं नाही म्हणून मी इतके दिवस चडफडत होते, तो इथे होता.

माझे डोळे भरून आले. किटमध्ये डोळे पुसता येत नाहीत. काचेवर वाफ धरली, दिवा विरघळल्यासारखा झाला. विद्या हळूच म्हणाली, "मॅडम?" प्रभाकरराव उघड्या तोंडानं, घशातून बोलले, "खाय झालं? वाईत आहे?"

मी म्हटलं, "नाही. काम फार चांगलं केलंय."

हे वाक्य मी आख्ख्या कारकिर्दीत खुर्चीशी उभं राहून म्हटलं नव्हतं. मग मी इंजेक्शन उचललं. नेहमी परक्यांना सांगायचे, "मुंगी चावल्यासारखं होईल." तेव्हा सांगितलं, "सूज आहे, औषध नीट चढणार नाही. दुखणार आहे." ते डोळे मिटून मान हलवून हो म्हणाले. गालाच्या आतल्या बाजूला, हिरडीला लागून चीर दिली. विद्याचा हात माझ्या मनगटाखाली होता, पण त्याची फारशी गरज पडली नाही. इतका पू आला, की विद्या नळी धरून पुटपुटली, "बाप रे, केव्हाचं साठवलंय साहेबांनी." त्यांच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. जबड्याखाली पुन्हा दाबून पाहिलं, तिथला घट्टपणा उतरायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस मी क्लीन झोनमध्ये, त्यांच्या पलंगाशेजारी खुर्ची टाकून बसले. पट्टी त्यांनी स्वतःच सोलून काढली, तिसऱ्या दिवशी, ताप उतरल्यावर.

राहिली दाढ. काम कितीही चांगलं असो, काही वर्षांनी मुळाशी कधी कधी पुन्हा पू धरतोच. पुस्तकाप्रमाणे ती काढून टाकायला हवी होती. एकदा साफ करून भरलेली दाढ पुन्हा बिघडली, तर कोणीही शहाणा डॉक्टर काढा म्हणेल. मी काढली नाही. मोटवानीच्या टोपीला मधोमध बारीक भोक पाडलं, त्यातून आत शिरून पुन्हा सगळं साफ केलं, काही आठवडे लागले. टोपी हलू दिली नाही. भोक बुजवलं ते माझ्या हातानं, आणि त्यावर खाचा कोरायचा प्रयत्न केला. मोटवानीएवढ्या जमल्या नाहीत. पण त्या दाढेवर काम करता करता माझा हात कापायचा थांबला, कधी ते मलाही कळलं नाही. मग विद्या म्हणाली, "बाहेर पेशंट उभे आहेत, काय करू?" म्हटलं, "घे आत."

त्या सुमाराला कविताला फोन केला. म्हटलं, "कविता, घनश्यामचं काम बघितलं मी, आमच्या ह्यांच्या तोंडात. इतकं साफ काम, मी जन्मात केलं नाही." ती म्हणाली, "दीदी, ये बात उनको बोलनी चाहिए थी." खरं आहे. आम्ही एकमेकांची थट्टाच करत राहिलो.

आता मी निवृत्त, त्यामुळे प्रभाकररावांचे दात बघायला मी नाही आणि मोटवानीही नाही. गेल्या महिन्यात त्यांना शिरगावला एका नव्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर मुलगी तिशीतली, हुशार, खुर्ची काय, कॅमेरा काय. मी कोण ते आम्ही सांगितलं नव्हतं. तिनं तोंड उघडायला लावलं, आत पाहिलं, थोडी गप्प बसली. मी कान टवकारले.

"काका," ती म्हणाली, "हे कोणी केलं?" अगदी त्याच सुरात. "चांगल्या कॅपला मधेच भोक कोणी पाडलंय? ही दाढ काढूनच टाकायला हवी होती."

मी छताकडे बघत बसले. प्रभाकररावांनी तिचा आरसा हातानं बाजूला केला, तोंड मिटलं आणि सरळ बसून म्हणाले, "कॅप डॉक्टर मोटवानींची. भोक ह्या बसल्यात ना, ह्यांचं. दोन्ही राहू द्या. बाकीचे दात बघा."

आणि पुन्हा तोंड उघडलं.